जग बुडाल्याची तक्रार

केबलच्या ऑफिसात फोनपाशी बसणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते स्वतः नंबर फिरवून येतात, वर "काय हो, झोपलात काय सगळे?" असा दमही देतात. मी भाईंदर पूर्वेला भरतभाईंच्या केबल ऑफिसात बरीच वर्षं फोन उचलले. आता चार मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "सुषमा, ते गावाचं सांग ना." मग मी सांगते. नाही म्हटलं तरी ऐकणाऱ्यांपेक्षा मलाच त्याची जास्त हौस आहे.

नव्वदचं दशक होतं. घरोघरी केबल नुकती शिरली होती आणि प्रत्येक केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनेल असायचा. चॅनेल म्हणजे ऑफिसातला एक व्हीसीआर. दुपारी एक पिक्चर, रात्री एक पिक्चर, मधे फरसाणवाल्याची जाहिरात. अशा या आमच्या चॅनेलवर दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता एक मराठी मालिका लागायची, 'नंतरचं गाव'. ती लिहिली आणि बसवली होती प्रकाश कांबळेने. प्रकाश आमच्याच गल्लीत राहायचा, मूळ परभणीकडचा, मुंबईला सरकारी नोकरी, डबा आणि छत्रीबरोबर कायम बगलेत एक फाइल.

मालिकेची गोष्ट अशी. जग बुडालंय. कशाने, ते प्रकाशने शेवटपर्यंत सांगितलं नाही. खाडीकाठच्या एका गावात चार-दोन माणसं उरलीत. त्यातल्या एका म्हातारीचा मुलगा महादू, पलीकडे कोणी जिवंत आहे का ते बघायला होडी घेऊन गेलाय. म्हातारी त्याची वाट बघतेय. झालं, इतकंच. तेरा भाग ती वाट बघते, आणि शेवटच्या भागात महादू येत नाही म्हणून दार लावून घेते.

मुंबईत ज्याला ज्याला प्रकाशने ही गोष्ट दाखवली, त्या प्रत्येकाने सांगितलं, मुलाला परत आणा, मग बघू. प्रकाशने आणला नाही. एरवी गरीब गाय असलेला हा माणूस तेवढ्या एका गोष्टीवर अडून बसायचा. मला म्हणायचा, "सुषमाताई, बाकी काय वाटेल ते बदला. ते दार लावण्यासाठीच तर मी हे सगळं लिहिलंय." शेवटी तो भरतभाईंकडे आला. भरतभाईंना शेवटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची अट एकच.

"गुरुवार को आठ से नौ फोन बजना मंगता है. बजा, तो पब्लिक देख रही है. एक हफ्ता भी नहीं बजा, तो मैं उस टाइम पे पिक्चर डालेगा."

फोन कशासाठी वाजला पाहिजे, हे काही ते बोलले नव्हते. प्रकाशचं नशीब म्हणायचं ते एवढंच.

*

पहिल्याच गुरुवारी फोन नुसता कोकलत होता.

मालिका सुरू होते तीच म्हातारी मिठागराच्या बांधावरून घरी येतेय इथपासून. ती लांबून येते. अगदी लांबून. आधी नुसता ठिपका दिसतो, मग ठिपक्याला लुगडं दिसायला लागतं. मागे पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ, आणि संगीत नाही, कारण संगीताचा माणूस आलाच नव्हता.

"चित्र अडकलंय तुमचं," पहिला फोन.

"अडकलेलं नाही हो, त्या चालतायत."

"कुठे चालतायत? मी मघापासून बघतोय."

असे इतके फोन आले की भरतभाईंना खरंच वाटलं, लाइन गेली. त्यांनी लाइनमनला गच्चीवर पिटाळलं. त्याने वर जाऊन अँप्लिफायरला दोन थपडा दिल्या, वायर काढली, फुंकली, परत लावली आणि खाली येऊन स्क्रीन बघितला. म्हातारी अजून चालतच होती.

"अब बराबर है," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

*

आता ही मालिका इतकी सावकाश का होती, त्याचा दोष एकट्या प्रकाशला देऊन चालणार नाही. कॅमेरा नंदूचा होता, आणि नंदू लग्नाचं शूटिंग करायचा.

लग्नाच्या कॅसेटचा कायदा तुम्हाला माहीत असेल. एकही पाहुणा सुटता कामा नये आणि पंगतीत प्रत्येकाचा घास तोंडापर्यंत गेलेला दिसला पाहिजे. नाहीतर मुलाची मावशी वर्षभर बोलत नाही. नंदूने जग बुडाल्यावरही हा कायदा पाळला. उरलेली माणसं भाकरी खायला बसली की तो एका टोकापासून सुरू करायचा आणि प्रत्येकासमोर थांबून, खाऊन होईपर्यंत हलायचा नाही. माणसंही सवयीने कॅमेऱ्याकडे बघून हसायची. सर्वनाशातून वाचलेली माणसं, आणि हसतायत कशी, तर वरपक्षाकडची. वर एक प्रसंग संपला की चित्र बदामाच्या आकारात मिटायचं आणि दुसरा प्रसंग गुलाबाच्या पाकळ्यांतून उघडायचा. मिक्सिंगवाल्याकडे तेवढंच होतं.

प्रकाशने डोक्याला हात लावला. पण तिसऱ्या गुरुवारी एका बाईंचा फोन आला, गोड आवाजात.

"ते शूटिंगवाल्यांचा नंबर मिळेल का? मुलीचं लग्न आहे हो आमच्याकडे."

मी म्हटलं, "तुम्हाला आवडलं काम?"

"छानच आहे. त्या कार्यात माणसं फारच कमी आली होती बिचाऱ्यांकडे, पण एकालाही सोडलं नाही त्यांनी."

नंदूला ते काम मिळालं. नंतर त्या लग्नाची कॅसेट पाहून आल्यावर प्रकाश म्हणाला, हिच्यात गर्दी आहे, बाकी सगळं आपलंच आहे.

*

मीरा रोडच्या शांती नगरातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी तर स्वतः ऑफिसात आले. सोबत दोन कमिटी मेंबर, तिघांच्याही कपाळावर आठ्या. मला वाटलं, झालं, आता सगळ्या बिल्डिंगची केबल कापायला लावतात.

"ते तुमच्या सीरियलमधलं गाव कुठलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"का हो?"

"तिथे विहिरीवर रांगेत दोन बायका उभ्या होत्या. दोनच! आमच्याकडे टँकर आला की खाली मारामारी होते. तिथलं पाणी कोण बघतं, त्याचं नाव पाहिजे आम्हाला."

मी म्हटलं, "अहो काका, ते खरं नाही. त्या गोष्टीत जग बुडालेलं आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कधी बुडालं?"

"पहिल्या भागाच्या आधीच."

सेक्रेटरींनी जरा विचार केला. "लाइट नाही, रस्ता नाही, पाणी लांबून आणायचं, संध्याकाळी डास. आम्हाला वाटलं, मीरा रोडलाच काढलंय."

मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "पण एक सांगा, बुडाल्यावर पाणी येतं आणि आमचं बुडायचं बाकी आहे तरी येत नाही, हे कसं काय?"

हा प्रश्न मी भरतभाईंना विचारला. ते म्हणाले, "सुसमाबेन, ये कंप्लेन अपने में नहीं आता."

*

पाचव्या की सहाव्या भागात जुन्या शहराचे अवशेष दाखवायचे होते. प्रकाशला अवशेष शोधायला लांब जावं लागलं नाही. राई-मुर्धा या गावांच्या बाजूला एक अर्धवट बिल्डिंग उभी होती. नुसते खांब, कुठे कुठे अर्धी भिंत, तिसऱ्या मजल्यावर एक पिंपळ. नंदूने ती खालून वर, वरून खाली, कौतुकाने फिरवून दाखवली. म्हातारी तिच्याकडे बघत म्हणते, "हितं मानसं रावायची एकदा."

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला, तापलेला. "हमारा बुकिंग चालू है और तुमने खंडहर बना दिया? इधर लोग रहते थे बोलती है वो बुढ्ढी. अभी तक कोई रहा ही नहीं उधर!"

भरतभाईंनी त्याला थंड पाजलं, गार केलं आणि 'पुढच्या वेळी विचारून दाखवू' असं वचन देऊन पाठवलं. तो जिन्यात असतानाच फोन वाजला. एक गृहस्थ होते. त्यांनी त्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट बुक केला होता आणि बिल्डर त्यांना काही आत जाऊ देत नव्हता.

मी मनात म्हटलं, घ्या, आता हेही ओरडणार. तर माणूस आनंदात होता.

"ताई, तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या चौकटी बसल्यात की हो! आम्हाला पत्ताच नव्हता. मिसेसलाही दाखवलं." मग जरा आवाज खाली आणून, "पुढच्या भागात त्या आजींना जिन्याच्या बाजूने चालवता येईल का? जिना झालाय का तेवढं कळलं असतं."

प्रकाशने चालवलं. जिना झालेला नव्हता.

*

आता त्या आजींबद्दल. म्हातारीचं काम करणाऱ्या हिराबाई मुर्ध्याच्याच. प्रकाश आणि नंदू जागा बघत फिरत होते, तेव्हा या बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून येत होत्या. त्यांचं ते चालणं बघून प्रकाशने तिथल्या तिथे त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मना नाटक न्हाय येत." प्रकाश म्हणाला, "काही करायचं नाही आजी, नुसती वाट बघायची." त्यावर त्या म्हणाल्या, "ती येते."

मालिकेत त्यांना फाटकं लुगडं दिलं होतं. जग बुडालंय, नवं कुठून आणणार? पण गावाने ते बघितलं. हिराबाईंच्या मुलाची रिक्षा होती. तो स्टँडवर उभा राहिला की जो तो विचारायला लागला, "काय रं, आयेला लुगडं न्हाय घेत तू?" मामाकडून निरोप आला. बहिणीने तर रडून गोंधळ घातला. बिचारा पोरगा स्वतःच्या आईला सांभाळणारा, सरळमार्गी, आणि सगळ्या भाईंदरात नालायक ठरला.

पुढच्या शूटिंगला हिराबाई आल्या त्या पोपटी रंगाचं कोरं करकरीत लुगडं नेसून, पदराला जर. सोबत मुलगा, हाताची घडी घालून उभा. "हेच दाखवायचं," तो प्रकाशला म्हणाला. "न्हायतर आये येनार न्हाय."

प्रकाशने त्याला अर्धा तास समजावलं. नंदू लगेच कॅमेरा लावून मोकळा झाला, त्याला जर बघून बरं वाटलं होतं.

त्या गुरुवारी फोनची रांग लागली. सगळ्या बायका. प्रत्येकीचा प्रश्न एकच, जग बुडाल्यावर कोणतं दुकान उघडं होतं?

*

मग हळूहळू फोन कमी झाले.

लोकांना सवय झाली. चित्र अडकलंय असं कोणी म्हणेना. एक तरुण आई तेवढी दर आठवड्याला न चुकता फोन करायची, "दीदी, ये सीरियल बंद मत करना, मेरा बेबी इसी में सोता है." भरतभाई खूश व्हायचे, म्हणायचे, कामाची वस्तू आहे. पण ती माहेरी गेली, आणि बाराव्या भागाच्या गुरुवारी आठपासून नऊपर्यंत फोन एकदाही वाजला नाही. मी रिसीव्हर उचलून डायल टोन आहे का ते बघितलं. होता.

शेवटचा भाग राहिला होता. एकच. प्रकाश ती कॅसेट ऑफिसात देऊन गेला होता, दुसरी प्रत नव्हती. मी भरतभाईंना म्हटलं, एवढा एक लावा, त्याचं दार लागू द्या. पण भरतभाई शब्दाचे पक्के, आणि नेमके नको तिथे. पुढच्या गुरुवारी आठ वाजता त्यांनी एक मारधाडीचा पिक्चर लावला.

प्रकाश ऑफिसमधून घरी न जाता सरळ आमच्याकडे आला होता. बाकड्यावर बसला, डबा आणि फाइल मांडीवर. पिक्चरमध्ये कोणीतरी कोणाला तरी काचेतून बाहेर फेकत होतं. फोन वाजला नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही, की आमच्या म्हातारीचं काय झालं.

"देखा?" भरतभाई म्हणाले. "किसी को पता भी नहीं चला."

प्रकाश डबा आणि फाइल उचलून निघून गेला, आणि मला भरतभाईंचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही. त्यांना ते कळलंही नाही.

*

रविवारी सकाळी हिराबाईंचा मुलगा रिक्षा घेऊन आला. उतरला तोच ओरडत.

"तुम्ही काय लावलंय हे? शुक्रवारपासनं घरात बसायला जागा न्हाय. बाया येतायत नुसत्या. शांती नगरातनं, नवघरातनं, कुठनं कुठनं. आये चा करून करून दमली."

"कशाला येतायत?"

"महादू आला का, इचारायला!"

भरतभाई खुर्चीतून उठले. "तो फोन क्यों नहीं किया?"

मीही तेच विचारत होते, तोवर त्याच्या रिक्षातून एक बाई उतरल्या, परतीच्या वाटेवरच होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत असणार? तुम्ही केबलवाले. जिचा मुलगा गेलाय तिला नको विचारायला?"

मी प्रकाशला निरोप धाडला आणि आम्ही दोघं त्याच रिक्षाने मुर्ध्याला गेलो. हिराबाईंच्या ओट्यावर पायताणांचा ढीग होता. आत बायका दाटीने बसलेल्या, कोणी डब्यातून लाडू आणलेले, कोणी ढोकळा. मधे हिराबाई, पोपटी लुगड्यात, सांगत होत्या.

"आला ना. उशिरा आला, पन आला. चिखलानं भरलेला पार. मी पयले दोन शिव्या घातल्या न् मंग भात वाढला."

बायकांनी सुस्कारे सोडले. एक तर डोळे पुसत होती. त्या गेल्यावर प्रकाश हिराबाईंच्या समोर जाऊन बसला.

"आजी, तुम्ही दार लावून घेतलंत ना? मीच शूट केलंय. मग असं का सांगितलंत?"

हिराबाई कपबशा गोळा करत होत्या. "बाया लांबून आल्या रं. उन्हातान्हाच्या. त्याना काय सांगू, न्हाय आला म्हनून?"

"पण शेवट तो आहे."

"तुजा असंल," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातात लाडू दिला.

परत येताना रिक्षात प्रकाश एवढंच बोलला, की एकदा दाखवला की कळेल लोकांना. मी हो म्हटलं. त्याने इतकी वर्षं तो शेवट सांभाळला होता, त्याला दुसरं काय म्हणणार?

*

भरतभाईंनी दोन दिवस आधीपासून स्क्रीनखाली पट्टी फिरवली, 'पब्लिक की डिमांड पर'. गुरुवारी प्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून आला. नंदू आला. आठ वाजता मी स्वतः कॅसेट लावली.

आणि खरं सांगते, तो भाग चांगला होता. म्हातारी सकाळी ओटा झाडते. खाडीकडे बघते. ऊन चढतं, उतरतं. नंदूने त्या दिवशी एकदाही कोणाला हसायला सांगितलं नव्हतं. शेवटी ती उठते, आत जाते, आणि दार लावते. कडी लागल्याचा आवाज येतो. बदाम नाही, पाकळ्या नाहीत, नुसतं ते दार. मी प्रकाशकडे बघितलं तर तो स्क्रीनकडे बघत नव्हता, फोनकडे बघत होता.

फोन वाजला.

"हॅलो केबल ऑफिस? चुकीची कॅसेट लावलीत तुम्ही."

मी ठेवला तर परत वाजला. "बेन, ये गलत कैसेट है. लड़का तो आ गया है."

तिसरा. चौथा. मग मी मोजायचं सोडलं. कोणी चिडलेलं नव्हतं, सगळे समजुतीने सांगत होते, चूक होते माणसाची, बदलून टाका. भरतभाई एकदा माझ्याकडे, एकदा व्हीसीआरकडे बघत होते. त्यांनी कॅसेट बाहेर काढून तिच्यावरची चिठ्ठीसुद्धा वाचली.

परत वाजला, तेव्हा प्रकाश उठला आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि भांडू दे. पलीकडच्या बाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या, की मलाही ऐकू येत होतं.

"अहो, मी स्वतः मुर्ध्याला जाऊन आलेय. तिच्या तोंडून ऐकलंय. आमचे सासरे अंथरुणावर आहेत, त्यांना उठवून बसवलं होतं आज, महादू येणार म्हणून. ते अजून तसेच बसलेत. त्यांना काय सांगू?"

प्रकाशने नंदूकडे बघितलं. नंदूने नुसती मान डोलावली.

"त्यांना सांगा," प्रकाश फोनवर म्हणाला, "आमच्याकडून चुकीची लागली. बरोबरची पुढच्या गुरुवारी लावतो."